सुट्टीत मुलांकडून काय करून घ्यावं? उन्हालाच कामाला लावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी ११ ची, मुलगा ७ चा, अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, एक गॅलरी आणि सोसायटीची गच्ची, शिबिरांच्या फिया परवडत नाहीत, आणि व्हिडिओ बघून केलेल्या 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' वस्तू दोन दिवसांत कचऱ्यात जातात. मग मे महिनाभर मुलांना गुंतवून ठेवेल आणि शेवटी हातात काहीतरी राहील असं काय करता येईल?

मी बरीच वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला आणि आता सुट्टीत मुलांसोबत हेच करते, माहेर कुडाळचं आणि सासर नाशिकचं, त्यामुळे कोरडं ऊन आणि दमट ऊन दोन्ही ओळखीचं आहे. माझं म्हणणं एकच आहे, की उन्हाळ्यात तेच करायला घ्या जे उन्हाळ्यातच नीट जमतं. बाटलीला लोकर गुंडाळणं, आइसक्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, हे तुम्ही ऑगस्टमध्येही कराल. पण अकोल्यात पारा ४५ ला टेकतो ते ऊन वर्षात दीड-दोन महिनेच मिळतं, फुकट मिळतं, आणि कागदाचा लगदा वाळवायला, कापड रंगवायला, कोयी सुकवायला, इतकंच काय फोटो छापायलासुद्धा ते चालतं. दुसरं म्हणजे रोज एक नवीन वस्तू हा हट्ट सोडा. तीन-चार कामं घ्या, ती एकमेकांत मिसळून महिनाभर चालू द्या, एक वाळतंय तोवर दुसरं. मुलं कंटाळतात ती कामाला नाही, अर्ध्या तासात संपणाऱ्या आणि नंतर कशालाच न लागणाऱ्या वस्तूंना कंटाळतात.

वेळेचं आधी सांगते. ओलं, पसाऱ्याचं काम सकाळी ७ ते १० गॅलरीत. ११ ते ४ ऊन काम करेल, मुलं नाही. गच्चीवर काही ठेवायचं-काढायचं असेल तर तुम्ही जा, किंवा सकाळी दहाच्या आत ठेवून संध्याकाळीच आणा. दुपारी कूलरसमोर बसून शिवण आणि रंगकाम.

आता पहिलं आणि मोठं काम, कागदाचा लगदा. आपल्याकडे खेड्यात आज्या रद्दीच्या लगद्यात मेथी वाटून घालायच्या आणि पातेलं उपडं घालून त्यावर टोपल्या थापायच्या, कित्येक घरांत त्या टोपल्यांत लसूण-मिरच्या ठेवलेल्या मी बघितल्यात. तेच करायचं. साधं वर्तमानपत्र घ्या, गुळगुळीत रंगीत पुरवण्या नको, त्या नीट भिजत नाहीत. कात्रीने कापू नका, मुलांना हाताने फाडू द्या, फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात आणि तेच पुढे एकमेकांना धरून ठेवतात (शिवाय सात वर्षांच्या मुलाला तासभर कागद फाडायची अधिकृत परवानगी मिळणं ही काय चीज आहे ते तुम्ही बघालच). पाच-सहा पूर्ण पेपर बादलीत रात्रभर भिजवा. तुमच्याकडच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी पाण्याला वास मारायला लागतो, म्हणून पाणी बदला, आणि घाई असेल तर जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळून घ्या. मग मिक्सर. भांडं जुनं आणि वेगळं ठेवा, कागद थोडा आणि पाणी भरपूर, बटण दोन-दोन सेकंदच दाबायचं, नाहीतर मोटर जळेल आणि मग माझ्या नावाने खडे फोडाल. मिक्सर नको असेल तर खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा, मुलांना तो जास्तच आवडतो. जुन्या पंचात बांधून पिळा, पण अगदी कोरडं नको.

मूठभर मेथी रात्री भिजत घालून सकाळी वाटा, चिकट बुळबुळीत गोळा होतो, तो लगद्यात. मेथीने चिकटपणा येतो आणि तिच्या कडवट वासाने कीड जरा लांब राहते. त्यात मैद्याची खळ, म्हणजे एक वाटी मैदा चार-पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचा, पारदर्शक दिसायला लागला की उतरवायचा, वर चिमूटभर तुरटीची पूड. शेवटी दोन मुठी मुलतानी माती घातली तर वरचा भाग गुळगुळीत येतो. हे सगळं परातीत मळायचं, भरपूर मळायचं, आणि हे काम पूर्णपणे मुलांचं, तुम्ही हात घालू नका.

साचा म्हणजे घरातलं कुठलंही तळाकडे निमुळतं होत गेलेलं भांडं, उपडं. वरून प्लास्टिकची पिशवी ताणून लावा आणि तिला तेलाचा हात फिरवा. भाकरी थापतो तशी पोळी थापून वर चढवायची, जाडी अर्ध्या बोटाएवढी, आणि सगळीकडे सारखी, हे महत्त्वाचं, कारण पातळ जागा आधी वाळते, ओढ बसते आणि तिथेच चीर जाते. आता वाळवण्याची गंमत. ४५ डिग्रीला थेट उन्हात ठेवलंत तर वरून कडक आणि आतून ओलं राहतं आणि फाटतं. पहिला दिवस गॅलरीत सावलीत ठेवा. दाबल्यावर बोट रुतत नाही पण हाताला अजून गार लागतं, त्या वेळी भांड्यावरून सोडवून घ्यायचं. लगदा वाळताना आकसतो आणि आत भांडं असेल तर त्याला आकसायला जागाच नाही, मग तडा ठरलेला. सोडवलं की उलटसुलट करत उन्हात. विदर्भात दोन-तीन दिवसांत खणखणीत वाळतं, मुंबई-कोकणात आठवडा धरा आणि रात्री पंख्याखाली ठेवा, नाहीतर बुरशी. वाळलं की पॉलिशपेपर, मग गेरू किंवा खडूची पूड डिंकात कालवून दोन हात, त्यावर रंग. पाणी लागू द्यायचं नाही, ओली भांडी ठेवायची नाहीत, बाकी वर्षानुवर्षं टिकते.

मुलीला टोपली, मुलाला फळं द्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळं मिळतात, केळं, सीताफळ, मिरची, इतकी हुबेहूब की पाहुणे उचलून बघतात. तीच आपण लगद्याची करायची. आत रद्दीचा घट्ट बोळा दोऱ्याने गुंडाळून फळाचा आकार द्यायचा, वर लगद्याचा बोटभरापेक्षा कमी थर, वाळवा, दुसरा पातळ थर, वाळवा. एकदम जाड थर दिला की आत ओल राहते. रंग देताना एक गोष्ट मुलांना आवर्जून करायला लावा, खरा आंबा समोर ठेवा आणि विचारा की हा खरंच पिवळा आहे का. देठाजवळ हिरवट, एका गालावर लालसर, मध्ये काळे ठिपके. जुन्या स्पंजच्या तुकड्याने एका रंगात दुसरा टिपत जायचं, ब्रशच्या रेघा दिसत नाहीत. सात वर्षांच्या मुलाचं सीताफळ सीताफळासारखं दिसणार नाही, दिसू नये, तुम्ही रात्री गुपचूप नीट करायला जाऊ नका प्लीज, त्यांना लगेच कळतं.

आंब्यावरून कोयी. हे काम फुकट आहे आणि पूर्णपणे मे महिन्याचं. यासाठी हापूस कामाचा नाही, त्याच्या कोयीला केस फारसे नसतात. गावरान, रसाचे, चोखून खायचे आंबे हवेत ज्यांच्या रेषा दातात अडकतात. आमरस झाला की कोयी नळाखाली काथ्याने घासून गर पूर्ण काढा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरेल, आणि चार-पाच दिवस कडक उन्हात. वाळल्यावर जुन्या कंगव्याने विंचरायला लागलात की केस असे उभे राहतात की कोणाची दाढी, कोणाच्या मिशा, कोणाचा सिंह. कात्रीने केस कापा, रंगवा, तोंड काढा, खाली काडी लावली की बाहुल्यांचा खेळ तयार. कधी कधी वाळत घातलेल्या कोयीला भोक पडतं आणि आतून काळपट भुंगा निघतो, तो कोयीतच वाढणारा भुंगा आहे, घाबरू नका, चावत नाही. मुलांना तेवढा भाग सगळ्यात जास्त लक्षात राहतो हा माझा अनुभव.

आता उन्हाचा फोटो. हे केलं की मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. हळद उन्हाने उडते हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, हळदीचा डाग पडलेला शर्ट उन्हात टाकला की फिका होतो. त्याचाच उपयोग करायचा. फोटोग्राफी नुकती सुरू होत होती तेव्हा जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने फुलांचे रस कागदाला लावून उन्हात चित्रं उमटवायचे प्रयोग केले होते, १८४२ साली त्याने ते छापले. आपण फुलांच्या जागी हळद घेऊ. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, पाव वाटी स्पिरिटमध्ये दोन चमचे हळद ढवळून पंधरा मिनिटं ठेवा, फडक्यातून गाळा. हे काम तुम्ही करा, गॅसपासून लांब आणि खिडकी उघडून, स्पिरिट पटकन पेट घेतं. जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने एक हात द्या आणि कागद कपाटात अंधारात वाळवा. त्यावर पान ठेवा, शेवग्याची डहाळी, कढीपत्ता, गुलमोहराचं पान, बारीक पानांची नक्षी जास्त छान येते, वर फोटोफ्रेमची काच, मागे पुठ्ठा, चिमटे. कडक उन्हात दोन-तीन तास. कोपरा उचलून बघा, उघडा भाग फिका पिवळा झाला की आत आणा. पान काढलं की पानाच्या जागी गडद पिवळं आणि आजूबाजूला फिकट. इथे थांबलात तर फक्त ठीक आहे. पण आता कपभर पाण्यात चमचाभर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, विरघळवून तो हलक्या हाताने ब्रशने फिरवा, पानाची सावली क्षणात तांबडी-तपकिरी होते, कुंकू करताना हळद लाल होते त्याच जातीचं हे काम आहे. टाकणखार नसेल तर धुण्याचा सोडा चालतो. दोन्ही तोंडात जाऊ द्यायचे नाहीत, हात धुवायचे. झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक शीटवर आजीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून आणला तर आजीही हळदीत छापता येते, फक्त ऊन जरा जास्त वेळ द्यावं लागतं. हे चित्र भिंतीवर लावू नका, उजेडात हळूहळू उडून जाईल, वहीत मिटून ठेवा.

कापड रंगवणं हे मुलीसाठी, ११ वर्षांची आहे म्हणजे वजन-माप तिला जमेल. बाजारातून मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, आणा, मीटर-दोन मीटर. त्यात खळ असते, ती धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळून काढलीच पाहिजे, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात जातो. सुती कापडाला नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी तुरट रस लागतो, म्हणून हिरडा. कोरड्या कापडाच्या १०० ग्रॅमला २० ग्रॅम हिरडा पावडर कोमट पाण्यात, कापड रात्रभर त्यात, पिळून न धुता सावलीत वाळवा. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तासभर. मग रंग. कांद्याची सालं कापडाच्या वजनाइतकी, भाजीवाल्याला सांगितलं तर पिशवीभर फुकट देतो, तासभर उकळून गाळून त्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर. सोनेरी-तपकिरी येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. हळदीने कापड रंगवायचा मोह होईल, करू नका, कारण वर सांगितलं तेच, ऊन तिला खाऊन टाकतं आणि साबणाने लाल डाग पडतात. रंगवण्याआधी हरभऱ्याचे दाणे कापडात धरून दोऱ्याने घट्ट बांधले तर बांधणीची फिकट वर्तुळं येतात, हे सात वर्षांचाही करेल. गॅसजवळचं सगळं तुमचं.

आणि काळा रंग घरीच करा, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी लावून ठेवा कारण त्याला दोन आठवडे लागतात. गंजके खिळे, मूठभर गूळ, लिटरभर पाणी, बरणीत, तोंडाला फडकं, घट्ट झाकण नको कारण आत गॅस होतो. वर फेस येतो, वास येतो, पाणी काळपट होतं. राजस्थानात छपाईचा काळा रंग याच पद्धतीने करतात. हे पाणी थोडं घ्या, चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ घालून दाट करा, आणि हिरडा लावलेल्या कापडावर काडीने नाव लिहा. हिरड्यामुळे पिवळट झालेल्या कापडावर अक्षरं डोळ्यांदेखत काळी होतात. कांद्यात रंगवलेलं कापड याच्या पातळ पाण्यात मिनिटभर बुडवलं तर मेंदी हिरवा मिळतो. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा की पिऊ नये, आणि गॅलरीच्या फरशीवर सांडू देऊ नका, घरमालकाला काय सांगाल.

या रंगवलेल्या तुकड्यांचं काय करायचं, तर गोधडी. पूर्ण अंथरायची नाही, ती दोघांना झेपणार नाही आणि अर्धी सोडतील. मुलाला दीड फुटाचं आसन, मुलीला हवी तर पाळण्यातल्या बाळाची. आत जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर, सिंथेटिक नको, ते सुईखाली सरकतं आणि घामाला नकोसं होतं. वर तुकड्यांची ठिगळं आवडतील तशी मांडा, कडा आत दुमडा, सेफ्टी पिना लावा, मग लांब टाक्यांनी सगळं एकदा धरून घ्या. आणि धावदोरा काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन असा आत-आत मध्यापर्यंत. कर्नाटकातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कोपऱ्यातून सुरू होऊन अशीच कडेकडेने मध्याकडे जाते. टाके वेडेवाकडे येऊ द्या, फक्त दोरा ओढून कापड चुरगळू देऊ नका. रोज दुपारी दोन रांगा एवढंच ठरवा, महिना पुरतो. मुलगा आहे म्हणून त्याला सुई नको असं घरात कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, माझ्याकडे सगळ्यात सरळ टाके मुलांचेच येतात.

बाकीचं पटकन. मातीकाम या उन्हात करू नका, म्हणजे करायचंच असेल तर ओल्या फडक्याखाली सावलीत आठवडाभर वाळवायची तयारी ठेवा, घाईत प्रत्येक हत्तीची सोंड तडकून पडते. वारली तुमची मुलगी करणारच, सगळ्या शाळा करून घेतात, पण टाइल्सवर अॅक्रिलिक मारण्यापेक्षा त्या लगद्याच्या टोपलीवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठात डिंक कालवून बांबूच्या काडीने काढू द्या, आणि काढायच्या आधी जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघायला द्या. डहाणू भागातले हे चित्रकार, २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रात माणसं नुसती गोल फेर धरत नाहीत, मासे पकडतात, मळणी करतात, सगळी चित्रभर धावपळ असते. मुलगा वस्तू खोलून बघणारा असेल तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणी बघा, त्यांच्या वेबसाइटवर मराठीतही भरपूर मोफत आहे, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-घनाकृती करायचा खेळ तिथलाच. आणि उन्हाळ्यात कोकणात कोणाकडे जाणार असाल तर माडाच्या पातीची पिपाणी आणि भिरभिरं तिथल्या पोरांकडूनच शिकायला सांगा, व्हिडिओ बघून ते जमत नाही.

मुलगा दहा मिनिटांत उठून जातो असंही तुम्ही लिहिलंय. जाऊ दे. त्याच्या वाट्याला फाडणं, मळणं, विंचरणं, दाणे बांधणं ही कामं ठेवा आणि 'पूर्ण कर' म्हणू नका, परत येतो.

क्रम असा धरा, पहिल्या दिवशी गूळ-खिळ्यांची बरणी आणि रद्दी भिजत. लगदा, कोयी आणि कापडाची धुलाई मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका, पावसाचा आता भरवसा नाही, २०२५ साली मुंबईत २६ मेलाच मान्सून दाखल झाला होता आणि ढगाळ हवेत अर्धवट वाळलेल्या टोपलीचं काही खरं नसतं. रंगकाम आणि गोधडी शेवटी, ती घरात होते. खर्च म्हणाल तर मांजरपाट, स्पिरिट, टाकणखार, तुरटी, हिरडा पावडर, गेरू आणि पोस्टर कलरची पेटी, बाकी बहुतेक सगळं घरातलंच. हिरडा आयुर्वेदिक दुकानात मिळेल, नाहीच मिळाला तर डाळिंबाची वाळलेली सालं दुप्पट घ्या आणि उकळून तेच पाणी वापरा.